छिद्रे कोळशाची आणि कायद्याची

२०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जपानचे सुसुमू कितागावा, ऑस्ट्रेलियात संशोधन करणारे रिचर्ड रॉबसन आणि अमेरिकेतील ओमर याघी या तिघांना विभागून देण्यात आले. हे पारितोषिक पोकळीला मिळाले असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. धातूंचे आयन सांध्यांप्रमाणे आणि सेंद्रिय रेणू तुळयांप्रमाणे योजून या शास्त्रज्ञांनी असे स्फटिक उभारले की, ज्यांच्या आत दालनेच दालने आहेत. अशा काही पदार्थांच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग हजारो चौरस मीटर भरतो. त्यात वायू साठवता येतो, वाळवंटातील हवेमधून पाणी मिळवता येते आणि सांडपाण्यातील विषारी द्रव्ये टिपून घेता येतात. या विद्वानांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. तथापि अभिनंदनाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न उरतोच: आमच्या नद्यांच्या पदरात यातून काय पडणार?

सच्छिद्र पदार्थाने पाणी शुद्ध करण्याची कल्पना आपणांस नवी नाही. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घालावे, हे सुश्रुतसंहितेइतके जुने ज्ञान आहे. निवळीने गाळ तळाशी बसतो. पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांना मात्र कोळसाच लागतो. वाळू आणि कोळसा भरलेल्या माठांच्या उतरंडीतून गाळलेले पाणी पुष्कळ घरांनी प्यालेले आहे. नारळाच्या करवंटीचा कोळसा करून त्यावर प्रखर उष्णतेत वाफ सोडली की त्यात असंख्य सूक्ष्म रंध्रे पडतात आणि एका ग्रॅममध्ये सुमारे हजार चौरस मीटर पृष्ठभाग उघडा होतो. पाण्यातील सेंद्रिय रेणू त्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेने विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी करवंट्या आणि फळांच्या बिया जमवल्या, त्या याच कोळशाकरिता. आज हा कोळसा भारतात तयार होतो, इतकेच नव्हे तर परदेशीही जातो. नोबेलविजेती जालके अद्याप महाग आहेत आणि त्यांतील पुष्कळशी पाण्यात टिकतही नाहीत. त्यांची वाट पाहत स्वस्थ बसण्याचे कारण नाही.

‘सेंद्रिय’ हा शब्द अलीकडे भाजीच्या दुकानात पुण्यवाचक झाला आहे. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ कार्बनची संयुगे एवढाच. फेनॉलही सेंद्रिय, कापडाचे रंगही सेंद्रिय आणि प्रतिजैविक औषधेही सेंद्रियच. मैलापाण्यातील घाण जंतूंच्या साहाय्याने कुजवून नाहीशी करता येते. परंतु अशी पुष्कळशी कृत्रिम संयुगे त्या जंतूंना सहजी पचत नाहीत. २०१७ साली तळोज्यात निळी झालेली कुत्री सर्वांनी पाहिली, हळहळ व्यक्त झाली आणि रंगाचा एक कारखाना बंद करण्यात आला. रंग डोळ्यांना दिसला म्हणून हे घडले. जे दिसत नाही त्याचे काय? हैदराबादजवळील पाटणचेरू येथे सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून ‘शुद्ध’ होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ साली स्वीडिश संशोधकांनी प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके असत नाही! अशा पाण्यात वाढणारे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले, तर दोष जंतूंचा नव्हे.

या रोगावर उपाय आहे आणि तो अन्यत्र योजिलाही जात आहे. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदा लागू करून आपल्या सातशेहून अधिक केंद्रांपैकी सुमारे शंभर केंद्रांना सक्रिय कोळशाची किंवा ओझोनची जादा पायरी बसवण्यास सांगितले आणि खर्चासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार बसवला. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात त्याहून पुढचे पाऊल टाकले: अशा जादा शुद्धीकरणाचा निदान ८० टक्के खर्च औषधे आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांनी द्यावा. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, हे ओघानेच आले; परंतु ज्याने घाण करावी त्यानेच ती काढण्याचे मोल द्यावे, हे तत्त्व तेथे कायद्यात उतरले.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्येच कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापिले. केंद्राचा कायदा १९७४ चा. म्हणजे या कामी आपण अग्रेसर होतो. पण नदीत सोडावयाच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मानके पाहा. रासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आत असली म्हणजे झाले. हा आकडा म्हणजे सर्व द्रव्यांची एकत्रित बेरीज होय. फेनॉलसारखे मोजके अपवाद सोडले, तर त्या बेरजेत कोणते विष किती, हे विचारले जात नाही. पाटणचेरूचे ते ३१ मिलिग्रॅम औषध या बेरजेत सुखाने मावते. ही उणीव सरकारला ठाऊक नव्हती असेही नाही. २०२० च्या जानेवारीत केंद्राने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा नाहीशा झाल्या. पाणी गाळावयाचे सोडून आम्ही कलमे गाळली!

लहान कारखानदारांना हा खर्च पेलणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी खोटा नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशातील शहरे दररोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण करीत होती आणि त्यातले जेमतेम २० हजार शुद्ध होत होते. जेथे मैलाच तसाच नदीत जातो, तेथे कोळशाच्या गोष्टी कशाला, असेही कोणी म्हणेल. याचे उत्तर सरळ आहे. कोळसा ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. आणि ती प्रथम शहराच्या गटारावर नव्हे, तर जेथे विष थोड्या पाण्यात एकवटलेले असते त्या कारखान्याच्या दाराशी बसवावयाची आहे. लहानांसाठी सामायिक केंद्रे आहेतच; त्यांच्यावर ती बसवावी.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगली पाहिजे. कोळसा विष नष्ट करीत नाही. ते केवळ धरून ठेवतो. रंध्रे भरली की कोळसा भट्टीत तापवून पुन्हा वापरण्याजोगा करावा लागतो. तसे न करता तो रात्रीच्या अंधारात माळावर ओतला, तर पहिल्याच पावसात ते विष विहिरीत उतरेल. म्हणून कोळसा किती घेतला याच्या पावतीबरोबरच वापरलेला कोळसा गेला कोठे, याचाही हिशेब मंडळाने मागितला पाहिजे.

आमची मागणी माफक आहे. गाळलेल्या मर्यादा पुन्हा अधिसूचनेत याव्यात. बेरजेबरोबर घातक द्रव्यांची नावनिशीवार मोजणी व्हावी आणि ती जनतेला पाहता यावी. खर्च उत्पादकाने सोसावा. छिद्रे कोळशात असावीत, कायद्यात नव्हेत. आज मात्र नेमके उलट आहे, आणि त्याची किंमत नदीकाठचा प्रत्येक माणूस घोटाघोटाने मोजतो आहे.