कुरळ्या केसांशी भांडण नको

सकाळी शाळेची घाई आणि आमच्याकडे रोज रडारड! लेकीचे कुरळे केस मी कोरडेच ओढून विंचरायची, चापूनचोपून दोन वेण्या घालायची. एकदा ती म्हणाली, "आई, माझे केस वाईट आहेत का गं?" फणी हातातच राहिली.

केस वाईट नव्हते, माझी रीत चुकत होती. टाळूचं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. वळणावळणाच्या केसात टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून हे केस कोरडे. त्यात आमच्या यवतमाळच्या घरी बोअरचं पाणी जड. अशा पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. शिकेकाईने तसा बसत नाही.

न्हाण्याआधी तासभर खोबरेल लावा. धुतल्यावर केस ओले असतानाच रुंद दातांचा कंगवा आधी टोकांना, मग हळूहळू वर फिरवा. पंचाने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपा.

आणि जवस! आपल्याकडे चटणीसाठी घरात असतंच. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळा. पाणी बुळबुळीत होऊन तार धरू लागलं, की गरमच गाळा. गार झालं की गाळणीतून उतरत नाही. ओल्या केसांना थोडं लावून मुठीत हलकेच दाबा. वाळेपर्यंत हात लावू नका, कुरळ छान बसतात. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

परवा रविवारी लेक आरशासमोरून हलेना. म्हणाली, "आई, आज वेणी नको."