घशाला कोरड, उपाय रस्त्याकडेला

न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि उरण तालुक्यातल्या रस्त्यांचा चेहरामोहरा बदलला. आज तिथे कंटेनर घेऊन उभ्या असलेल्या ट्रेलरांची रांग ही रोजची गोष्ट आहे. रांग कधी सरकेल ते चालकाला सांगता येत नाही आणि गाडी सोडून जाताही येत नाही. म्हणून त्यातले अनेक जण एक साधा हिशेब करतात : पाणी कमी प्यायचे, म्हणजे लघवीला जावे लागणार नाही. समुद्रकाठची दमट हवा, तापलेली केबिन, अंगातून निथळणारा घाम आणि वर हा हिशेब. दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटते. मग गाठीला असलेली पुडी निघते.

तोंडाला कोरड पडणे हे किरकोळ दुखणे समजले जाते. ते तसे नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते, पिष्टमय अन्न पचवायला सुरुवात करते आणि जंतूंना आवर घालते. तिचे सर्वांत मोठे काम मात्र दातांसाठी आहे. खाल्ल्यानंतर तोंडात जे आम्ल तयार होते ते लाळ सौम्य करते आणि दातांच्या आवरणातून निघून गेलेले कॅल्शियम व फॉस्फेट परत पुरवते. लाळ आटली की ही रोजची डागडुजी थांबते. दात किडतात, तोंडाला वास येतो, जिभेवर बुरशीचा पांढरा थर धरतो, चव जाते आणि सुकी भाकरी घशाखाली उतरत नाही.

तंबाखू किंवा मावा तोंडात धरला की लाळ सुटते, त्यामुळे कोरड गेल्यासारखी वाटते. पण ती लाळ थुंकली जाते आणि शरीरातले पाणी आणखी कमी होते. त्यातल्या सुपारीचा धोका तर वेगळाच आहे. सुपारीमुळे गालाच्या आतला मऊ पडदा ताठर होत जातो, तिखट झोंबू लागते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. सुपारी कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही पुडी कुठे मिळते हे रस्त्यावरच्या कुणालाही विचारावे लागत नाही.

प्रत्येक कोरड पाण्याच्या अभावी पडते असेही नाही. सर्दी-खाज यांवरच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या यांमुळेही तोंड सुकते. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोपही येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. वेळ किंवा मात्रा बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. सारखी तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे अशी लक्षणे असतील तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे पडत असतील आणि सांधेही दुखत असतील, तर तो शोग्रेन नावाचा आजार असू शकतो. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. डोके-मान भागावर किरणोपचार झालेल्यांच्या लाळग्रंथींना कायमची इजा पोहोचू शकते. त्यांच्यासाठी लाळ वाढवणारी औषधे आणि कृत्रिम लाळ मिळते. ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी.

बाकीच्यांसाठी घरगुती उपाय पुरेसे असतात. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा बाटली जवळ ठेवून दर थोड्या वेळाने घोट-घोट पाणी प्यावे. एकदम लिटरभर प्यायल्याने तोंड फार वेळ ओले राहत नाही, लघवीला मात्र लगेच लागते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती पाणी प्यावे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. साखर नसलेले, शक्यतो झायलिटॉल असलेले च्युइंगगम चघळल्याने लाळ सुटते. नाहीतर बिनसाखरेची बडीशेप आहेच. लिंबाची फोड चोखणे टाळावे, कारण लाळ कमी असताना आम्ल दातांवर जास्त वेळ राहते. गोड थंड पेयांचेही तेच, वर साखर. जेवणात भाकरीबरोबर पातळ कालवण किंवा ताक असावे, सुकी मासळी आणि लोणचे बेताने. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ टाकून गुळण्या कराव्यात आणि ते पाणी थुंकून टाकावे. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने तोंड आणखी सुकते. झोपेत लाळ मुळातच कमी होते, म्हणून रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासल्याशिवाय झोपू नये. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घ्यावा लागत असेल तर आधी नाकावर उपचार करावेत.

हे सगळे उपाय स्वस्त आहेत. पण रांगेतल्या चालकाला त्यातला पहिलाच उपाय परवडत नाही आणि त्याचे कारण पैसा नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. हा निर्णय चांगलाच आहे. मात्र गार केबिनमध्ये बसलेल्या माणसालाही लघवीला जावेच लागते. पाणी कमी पिण्याची सवय केवळ दात घालवून थांबत नाही, तिच्यातून मुतखडाही होतो. म्हणून जिथे मोठ्या गाड्या तासन् तास उभ्या राहतात, तिथे ठरावीक अंतरावर पिण्याचे पाणी आणि वापरण्याजोगे, रोज धुतले जाणारे शौचालय असणे ही आरोग्यसेवाच मानली पाहिजे. त्यासाठी एखाद्या इस्पितळाइतका खर्च येत नाही. आरोग्य शिबिरात चालकांचे डोळे तपासले जातात, तसे तोंडही तपासले जावे. ‘भरपूर पाणी प्या’ असे फलकावर लिहिणे सोपे आहे. तो फलक लावणाऱ्याने जवळच नळ आणि शौचालय आहे का, हेही पाहावे.