सुट्टीच्या दिवशीही कामच?

रविवारची वंदना आटोपून शांतीनगरच्या एका घरी रक्तदाब तपासायला गेले होते. मुलगा त्या गल्लीतला पहिला सॉफ्टवेअर इंजिनिअर, ऐरोलीला नोकरीला. लॅपटॉपसमोर मान खाली घालून बसलेला. "आजही काम?" विचारलं, तर हसला. "मावशी, गेम आहे." बघते तर बंदूक नाही, गाडी नाही. पट्टे फिरताहेत, त्यांवरून लोखंड-तांबं चाललंय, भट्ट्या धगधगताहेत. गेमचं नाव फॅक्टोरिओ. वडील यंत्रमागावरची बारा तासांची रात्रपाळी करून आलेले. म्हणाले, "मी घरी येऊन हौसेनं माग चालवीन का?"

प्रश्न बिनतोड होता. पोराने आणखी एक गेम सांगितला, 2016 चा शेन्झेन आय/ओ. त्यात तुम्ही चीनमधल्या कंपनीत इंजिनिअर असता, माहितीपुस्तक वाचून सर्किट जोडता, प्रोग्रॅम लिहिता. म्हणजे नोकरीच, फक्त बिनपगारी! मग खेळतोस कशाला? "ऑफिसात अर्धं झालं की साहेबांची मागणी बदलते. माझं काम शेवटी कुठं लागलं तेही कळत नाही. इथं चूक माझी, दुरुस्ती माझी, आणि चाललं की डोळ्यांसमोर चालतं."

मला ते पटलं. वॉर्डात काहीच आपल्या हातात नसायचं, तेव्हा मीही ड्यूटीवरून आल्यावर घरातल्या बरण्या रांगेत लावत बसायचे.

म्हणून याला लगेच व्यसन म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमचा विकार आहे, पण तो नुसत्या तासांवर ठरत नाही. थांबवता येत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही खेळ चालूच राहतो, आणि हे साधारण वर्षभर, तेव्हा तो विकार.

माझी तक्रार वेगळी आहे. मान, मनगट, डोळे यांना पगार कोण देतं ते कळत नाही. तीच खुर्ची, तोच पडदा. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. डोकं अंथरुणातही पट्टे जोडत राहतं. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. हा दोनला झोपतो आणि सातला ठाण्याच्या गाडीत असतो.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे 54 तास 48 वर आले. त्याआधी 1945 च्या पुस्तकात गांधीवादावर टीका करताना त्यांनी यंत्रांची बाजू घेतली, कारण यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय मन वाढत नाही. ती फुरसत पुन्हा त्याच खुर्चीत घालवायची, हे मला सहन होत नाही. उलटा प्रकारही आहे. अमेरिकेत अॅमेझॉनने गोदामातल्या कामगारांच्या पडद्यांवर गेम बसवल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या. हात जेवढा भराभर चालेल तेवढी पडद्यावरची गाडी पुढे. आपल्या गोदामांत जाणाऱ्या पोरांनी हे ऐकून ठेवावं.

आईला सांगितलं, लॅपटॉप हिसकावू नका. अकराला बंद करायचा, तासाला एकदा उठून दारापर्यंत जायचं, आणि सुट्टीतला एक खेळ पायांचा हवा. पोराने मान डोलावली, पण नजर पडद्यावरच.

तेवढ्यात वडील मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघितलं आणि बोट ठेवलं, "इथं तुंबलंय बघ. पुढचं मशीन कमी पडतंय."