काटा कोणाच्या हातात?

"काका, सही करू काय? उद्या शेवटची तारीख हाये."

दर्यापूरकडचा एक तरुण मंगळवारी माझ्याकडे आला होता. आजीकडून ऐकलेल्या वऱ्हाडी गोष्टी तो आपल्या शब्दांत लिहितो, आपल्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करतो. त्याच्या हातात एका कंपनीचा अकरा पानांचा इंग्रजी करार होता. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांकडून मजकूर, आवाज, व्हिडिओ घ्यायचे आणि ॲप्सना, वाहिन्यांना त्यांच्या वापराचे परवाने विकायचे, हा कंपनीचा धंदा. सातव्या पानावर लिहिलं होतं की आज असलेली आणि पुढे निघणारी सगळी माध्यमं, सगळे देश, कायमसाठी. मोबदला निव्वळ उत्पन्नाच्या निम्मा, आणि निव्वळ किती ते कंपनी ठरवणार. सहीच्या जागी 'अधिकृत प्रतिनिधी' एवढंच होतं. नाव नाही, फोन नाही, पत्ता म्हणून एक ईमेल.

"ही माणसं कोण रे?" मी विचारलं. तीन महिने तो त्यांच्याशी व्हॉट्सॲपवर बोलतोय, पण कोणाशी ते त्याला सांगता येईना.

दिवाळी अंकांच्या मानधनावर मी लिहिलं तेव्हा काही वाचकांनी कळवलं होतं की छापील जगाचं रडगाणं आता पुरे, ऑनलाइन आलं की लेखकाचा पैसा थेट लेखकाला मिळेल. त्या पत्रांचं उत्तर या अकरा पानांत आहे.

कंपनीला ऑफिस नाही याबद्दल माझी तक्रार नाही. चार गावांतली चार माणसं घरी बसून चांगलं काम करू शकतात. पण माल घेणाऱ्याचं तोंड दिसत नसेल आणि मोजमाप त्याच्याच हातात असेल, तर काय होतं हे वऱ्हाडाला कोणी शिकवायला नको. आपण कापसाचे लोक आहोत.

१८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं कारंजाचा कापूस बाजार नियमांखाली आला. देशातला असा तो पहिला बाजार. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. इंग्रजांना आपल्या शेतकऱ्याचा कळवळा आला होता असं नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात हवा होता. पण त्या निमित्तानं बाजाराची जागा ठरली, अडत्याला आणि मापाऱ्याला नियम लागले, देखरेखीला समिती आली. आज अकोटच्या बाजारात शेतकरी गाडी घेऊन उभा राहतो तेव्हा त्याला घेणारा दिसतो, काटा दिसतो. हाती काटापट्टी पडते, हमाली किती, तोलाई किती, हे हिशेबपट्टीवर लिहिलेलं असतं. भाव पडलेला असेल, फसवणूकही होत असेल. पण भांडायला समोर माणूस असतो आणि हातात कागद असतो.

त्या तरुणाच्या गोष्टी किती ॲप्सवर गेल्या, कोणी किती दिले, मधे किती कापले, हे सांगणारी पट्टी त्याला कोण देणार? अकरा पानांत तिचा उल्लेखच नाही.

कापसाची आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. शेतकरी कापूस देतो, तेव्हा त्यातली सरकीही देऊन बसतो. जिनात रुई वेगळी होते, सरकी वेगळी होते, सरकीचं तेल निघतं, ढेप निघते. प्रत्येकाचा वेगळा पैसा होतो आणि तो शेतकऱ्याच्या घरी येत नाही. लिहिणाऱ्याला मात्र कायद्यानं सरकी घरी ठेवता येते. छपाईचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, भाषांतराचा वेगळा, चित्रपटाचा वेगळा. एक दिला म्हणून बाकीचे जात नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरता धरतात. घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो सुटतो. कायद्याचं हे कुंपण ओलांडायलाच सातव्या पानावर 'सगळे देश' आणि 'कायमसाठी' हे शब्द येऊन बसतात.

कायमसाठी म्हणजे किती? आपल्या अमरावतीचे सुरेश भट २००३ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, या हिशेबानं त्यांच्या शब्दांना कायद्याचं संरक्षण २०६३ च्या अखेरपर्यंत आहे. हा पोरगा पंचविशीतला. आजीच्या लोककथेवर कोणाचीच मालकी नाही, पण त्याच्या सांगण्यावर त्याची आहे, आणि ती त्याच्या नातवंडांपर्यंत पोचणारी आहे. उद्याच्या तारखेच्या घाईत तो नातवंडांचा वाटाही लिहून देणार होता.

निम्म्या वाट्याचं कंपनीनं त्याला मोठं कौतुक सांगितलं होतं. ध्वनिमुद्रणापुरता तरी तो वाटा कायद्याचाच आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत झटले, ध्वनिमुद्रणातल्या साहित्याच्या लेखकाला रॉयल्टीचा समान वाटा दिला आणि तो लिहून देण्याचीही मुभा ठेवली नाही.

पण नुसत्या कायद्यानं भागत नाही, हेही कापसानंच शिकवलं. १८९७ च्या कायद्यातल्या बाजार समितीत नगरपालिकेची माणसं होती, व्यापारी होते. पिकवणाऱ्याला जागा नव्हती. १९२८ मध्ये शाही शेती आयोगानं या उणिवेवर बोट ठेवलं. काट्याशेजारी आपला माणूस बसेपर्यंत काटा आपला होत नाही.

मजकूर वाटण्याच्या धंद्यात याचा पायंडा आपल्याकडे जुना आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेली पीटीआय वृत्तपत्रांच्याच मालकीची आहे. बातमी घेणारेच मालक, आणि नफा वाटून घ्यायचा नाही असा तिचा दंडक. १९४८ मध्ये दादासाहेब आपट्यांनी भारतीय भाषांतून बातम्या पुरवण्यासाठी हिंदुस्थान समाचार उभी केली. या संस्थांमागची माणसं कोण, हे कोणालाही विचारता येत होतं. अमरावती-अकोल्यात वऱ्हाडीत लिहिणारे, गाणारे, गोष्टी सांगणारे थोडे नाहीत. त्यांनी एकत्र येऊन आपली अडत उघडावी, असं मी इथे पूर्वीही लिहिलं आहे आणि ती उघडेपर्यंत लिहिणार आहे.

त्या रात्री आम्ही कंपनीला तीन प्रश्न पाठवले. करारावर सही कोण करणार, नाव-पत्त्यासकट? दर तीन महिन्यांनी हिशेबपट्टी मिळेल का? कायमऐवजी तीन वर्षं चालतील का? शेवटची तारीख उलटली. हा मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.

निघताना मी त्याला विचारलं, बाबा काटापट्ट्या जपून ठेवतात का?

"ठेवते ना. पत्र्याच्या पेटीत हायेत, मी शाळेत होतो तवापासूनच्या."

करार त्यानं सही न करताच पिशवीत घातला. घरी जाऊन तोही त्याच पेटीत ठेवतो म्हणाला.