काचेतल्या बागेची उपासमार

हायड्रिलाची फांदी, तिच्यावर उपडं नरसाळं आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. विज्ञान शिकलेल्या बहुतेकांना हा प्रयोग आठवत असेल. चंचुपात्र उन्हात ठेवलं की फांदीतून बुडबुडे सुटतात आणि परीक्षानळीत ऑक्सिजन साठत जातो. बुडबुडे मंद पडले तर बाई पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायला सांगत, आणि सोडा पडला की त्यांचा वेग वाढे. ऊन तेवढंच, पाणी तेवढंच, फांदीही तीच. वाढलेला असतो फक्त पाण्यातला कर्ब.

घरात माशांच्या टाकीत बाग फुलवायला निघालेल्या माणसाला नेमकी ही चिमूट आठवत नाही. टाकी येते, तिच्यावर प्रखर एलईडी दिवा येतो, दहा-बारा जातींची रोपं येतात. पहिले दोन आठवडे सगळं हिरवंगार असतं. मग जुनी पानं विरघळू लागतात, नव्या पानांची वाढ खुंटते, काच हिरवी होते आणि पानांच्या कडांवर काळ्या दाढीसारखं शेवाळ उगवतं. लगेच निदान होतं: खतामुळे शेवाळ आलं. खत बंद होतं आणि शेवाळाचं औषध घरात येतं. बरेचदा तर आणखी मोठा दिवा लावायचा सल्ला मिळतो. उपाशी रोपाला जास्त कामाला जुंपण्याचा हा प्रकार आहे.

आकडे पाहिले तर उपासमार लगेच लक्षात येते. हवेत आज कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास आहे. अशा हवेखाली शांत ठेवलेल्या पाण्यात, पंचवीस अंश तापमानाला, तो लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम विरघळलेला राहतो. शिवाय पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. पानाला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरातला वायू संपला की नवा येईपर्यंत पान ताटकळत राहतं. जमिनीवरच्या झाडाचं असं होत नाही, कारण तिथे वाऱ्याची झुळूकसुद्धा नवा वायू आणून देते.

मग नदी-ओढ्यांत पाणवनस्पती कशा जगतात? ओढ्यांना जमिनीतून पाझरणारं पाणी मिळतं. मातीत कुजणाऱ्या पाल्याचा कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात मुरलेला असतो, म्हणून वाहत्या पाण्यात तो हवेशी समतोलात असायला हवा त्याच्या कितीतरी पट सापडतो. दुसरं म्हणजे, दुकानात पाणवनस्पती म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक जाती मुळात दलदलीतल्या आहेत. वर्षाचा काही काळ त्या पाण्याबाहेर डोकं काढून हवेतला कर्ब घेतात. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली रोटाला मॅक्रँड्रा घ्या. तिच्या लालबुंद शेंड्यांवर जगभरचे छांदिष्ट जीव टाकतात, आणि तीच कर्बाविना टाकीत सर्वांत आधी मान टाकते. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया यांची गोष्ट वेगळी. त्यांना पाण्यातला बायकार्बोनेट वापरता येतो. म्हणून बोअरवेलच्या जड पाण्यातही त्या माजतात.

डेन्मार्कच्या ओले पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिक्सिया या तरंगत्या वनस्पतीवर केलेला प्रयोग टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवा. प्रकाश कमी-जास्त आणि कर्ब कमी-जास्त अशा जोड्या लावून त्यांनी वाढ मोजली. दोन्ही वाढवले तेव्हा वाढ सर्वाधिक झाली, यात नवल नाही. पण मंद प्रकाशातही नुसता कर्ब वाढवल्यावर वाढ ठळकपणे वाढली. कर्ब मुबलक असला की तो पकडण्याच्या यंत्रणेवर वनस्पतीला कमी खर्च करावा लागतो आणि वाचलेली शक्ती प्रकाश टिपणाऱ्या हरितद्रव्याकडे वळवता येते. म्हणजे अंधूक टाकीवरचा उपायसुद्धा दरवेळी दिवा हाच नसतो. प्रकाश रोपाची भूक वाढवतो, आणि वाढवलेली भूक भागली नाही की मोकळी राहिलेली जागा शेवाळ घेतं. ही एक गोष्ट दुकानदाराने दिवा विकताना सांगितली तरी निम्म्या टाक्या वाचतील.

खतावरच्या आरोपालाही इतिहास आहे. १९९६ मध्ये पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी मांडलं की फॉस्फेट तोकडं ठेवलं तर रोपं शेवाळाला मागे टाकतात. बाकीची द्रव्यं थेंबाथेंबाने देण्याची त्यांची स्वस्त घरगुती पद्धत खूप गाजली. पुढे अमेरिकेच्या टॉम बार यांनी भरपूर रोपांच्या टाकीत मुद्दाम फॉस्फेट घातलं, आणि शेवाळ आलं नाही. त्यांनी सुचवलेला मार्ग साधा आहे: नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश आणि सूक्ष्म द्रव्यं सढळ हाताने द्यायची आणि आठवड्याला निम्मं पाणी बदलून उरलेलं काढून टाकायचं. प्रत्येक टाकीला एवढी सढळता लागतेच असं नाही. मंद प्रकाशाच्या टाकीत त्याच्या पाव हिश्शातही भागतं. पण निरोगी रोपांच्या टाकीत खत हा गुन्हेगार नसतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

खताच्या बाबतीत महाराष्ट्रातला माणूस जगातल्या कित्येक छांदिष्टांपेक्षा नशीबवान आहे. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराच्या तोंडी असलेले तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि शून्य-बावन्न-चौतीस हे आकडे म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट. ठिबकमधून द्राक्षाला जाणारी हीच पांढरी पूड परदेशातले लोक टाकीसाठी वापरतात. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावतं. त्यात एक ग्रॅम तेरा-शून्य-पंचेचाळीस विरघळवलं की नायट्रेट लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या थोडं वर जातं. आठवड्याला पाच ग्रॅम लागलं तरी कृषी सेवा केंद्रातली एक किलोची पिशवी जवळजवळ चार वर्षं पुरेल. रंगीत बाटलीत भरून विकलं जाणारं द्रवखत बहुतांशी हेच असतं, पाण्यात कालवलेलं. मात्र शेजारच्या फळीवरचं एकोणीस-एकोणीस-एकोणीस उचलू नये. त्यातलं बरंचसं नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतं. वांग्याला ते चालतं, माशाला अमोनिया मारतो.

कर्ब देण्याचे मार्ग तीन. साखर-यीस्टची बाटली सर्वांत स्वस्त, पण उन्हाळ्यात ती बेभान आंबते आणि आठवड्याभरात दमते. काळी दाढी बहुधा अशाच टाकीत येते जिथे कर्ब एक दिवस भरपूर आणि दुसऱ्या दिवशी नाही. सायट्रिक अ‍ॅसिड आणि खाण्याच्या सोड्याच्या जोडबाटल्या त्याहून बऱ्या. त्यांचं झाकण आणि झडप नीट नसेल तर बाटली फुटू शकते, हे विसरू नये. तिसरा मार्ग सिलिंडरचा. महाग, पण स्थिर. सिलिंडर घेताना त्यावर कोरलेली चाचणीची तारीख पाहावी आणि तो उन्हात किंवा तापणाऱ्या बंद कपाटात ठेवू नये. सुमारे ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि भरलेल्या नळकांड्यातला दाब झपाट्याने चढतो. एप्रिलमधलं नागपूर यासाठी डोळ्यांसमोर ठेवावं.

लक्ष्य असतं लिटरमागे वीस ते तीस मिलिग्रॅम. म्हणजे मघाच्या तीनफुटी टाकीत एका वेळी सहा ग्रॅमसुद्धा वायू नसतो. तो मोजायला काचेचा छोटा ड्रॉप चेकर मिळतो. त्यात ठरावीक क्षारतेचं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब असतात. निळा रंग म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे धोका. बरेच जण त्यात टाकीचंच पाणी भरतात आणि त्या रंगाला काही अर्थ उरत नाही. रंग बदलायला तासाभराहून जास्त लागतो, म्हणून त्याच्या भरवशावर माशांकडे दुर्लक्ष करू नये. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर वायू तत्क्षणी बंद करून हवेचा पंप लावावा. रात्री रोपंही ऑक्सिजनच घेतात, तेव्हा वायूची झडप टायमरवर हवी: दिवा लागण्याच्या तास-दोन तास आधी सुरू, दिवा विझण्याआधी बंद.

आता एका बाटलीविषयी उघडपणे बोललं पाहिजे. द्रवरूप कर्ब म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं ग्लुटराल्डिहाइड किंवा त्याचा भाऊबंद असतो. इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करायला हेच रसायन वापरतात. त्याने शेवाळ मरतं हे खरं, पण व्हॅलिस्नेरियाही वितळते, आणि त्याची वाफ डोळ्यांना व श्वासाला जाचते. घरातली लहान मुलं टाकीभोवतीच असतात. बाटलीवर रसायनाचं नाव आणि धोक्याची सूचना मराठीत ठळक छापली गेलीच पाहिजे. वायूचा पर्याय म्हणून त्याची विक्री करणं ग्राहकाची दिशाभूल आहे.

सिलिंडर ज्यांना नको त्यांनी बाग करूच नये, असं मुळीच नाही. अमेरिकेच्या डायना वॉलस्टड यांनी १९९९ मधल्या पुस्तकात साध्या मातीवर, मंद प्रकाशात आणि माशांच्या विष्ठेच्या खतावर चालणारी टाकी सविस्तर मांडली. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोराइन यांचं तेवढ्यात छान भागतं. अडचण होते ती एका टाकीचं चित्र मनात ठेवून दुसरी टाकी उभी केली की. निइगाताच्या ताकाशी अमानो यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने ज्या हिरव्या गालिच्यांचं वेड जगाला लावलं, त्यांच्यामागे वायूचा सततचा पुरवठा होता. अशा टाक्यांचे फोटो काढताना मात्र नळ्या बाजूला केलेल्या असतात. फोटो पाहून भारावलेल्या मुलाला ते कोण सांगणार?

सांगायला हवं दुकानानेच. डेन्मार्कची ट्रॉपिका कंपनी आपल्या रोपांच्या कुंडीवर सोपं, मध्यम आणि अवघड अशी प्रत छापते, आणि ती ठरवताना प्रकाश आणि कर्ब दोन्ही धरते. पुण्या-मुंबईच्या दुकानांत रोपं बहुधा रबरबँडने बांधलेल्या जुड्यांत मिळतात, नाव-गाव नसलेली. त्या जुडीला बोटभर चिठ्ठी लावायला काही खर्च येत नाही. रोटाला मॅक्रँड्राच्या जुडीवर एवढं पुरे: पश्चिम घाटातली, उजेड भरपूर, कर्ब वायूशिवाय घेऊ नये.