मित्रांसोबत अंगकोर बघायला जाताय? मग मुलांकडून काहीही विकत घेऊ नका



दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या ग्रुपवर सहलींच्या जाहिराती फिरायला लागतात. थायलंड, व्हिएतनाम, बाली, श्रीलंका, कंबोडिया. पूर्वी परदेश म्हटलं की आपल्यासारख्या प्राथमिक शिक्षकाला ते फक्त नकाशावर दाखवायचं ठिकाण वाटायचं. आता चार-पाच मित्र मिळून दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकतात, कार्यालयाची परवानगी काढतात आणि जाऊन येतात. ही चांगलीच गोष्ट आहे. जग पाहिलेला शिक्षक वर्गात वेगळं शिकवतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण या सहलींबद्दल एक गोष्ट मला स्पष्टपणे मांडायची आहे. ती हॉटेल किंवा विमानाबद्दल नाही, तिथे दिसणाऱ्या लहान मुलांबद्दल आहे. उदाहरण म्हणून कंबोडियातलं अंगकोर घेतो, कारण आपल्याकडून तिथे जाणारे वाढत आहेत आणि हा प्रश्न तिथे अगदी समोर येऊन उभा राहतो.

आधी अंगकोरविषयी थोडं

सियाम रीप या गावाजवळ सुमारे ४०० चौरस किलोमीटर परिसरात ही मंदिरं पसरली आहेत. त्यातलं अंगकोर वाट हे मंदिर बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी बांधायला घेतलं. त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर समुद्रमंथनाचं जवळजवळ ४९ मीटर लांबीचं शिल्प आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव आणि मध्ये विष्णू. आपल्या मुलांना ही गोष्ट पाठ असते, पण ती इतक्या लांब, दुसऱ्या देशात दगडावर कोरलेली आहे हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. जवळच बायोनचे दगडी चेहरे आहेत. ता प्रोह्म मंदिरात झाडांची मुळं भिंतींना कवटाळून बसली आहेत, आणि त्या मंदिराच्या जतनाच्या कामात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा मोठा वाटा आहे. १९९२ साली हा परिसर जागतिक वारसा यादीत आला.

तर बघण्यासारखं भरपूर आहे. आता मूळ मुद्द्यावर येतो.

एका डॉलरला दहा

मंदिराबाहेर रिक्षा थांबली की सात-आठ वर्षांची मुलं जवळ येतात. हातात पोस्टकार्डं, चुंबकं, बांगड्या. एका डॉलरला दहा, असं म्हणत ती मोजून दाखवतात. पाहुणा कोणत्या देशाचा हे ओळखून त्याच्या भाषेतले चार शब्दही बोलतात. आपल्याला कौतुक वाटतं. किती हुशार पोरगी आहे, म्हणत एकजण खिशात हात घालतो. मित्रांच्या घोळक्यात एकाने घेतलं की दुसरा घेतोच, आणि तिसऱ्याला न घेता पुढे जायची लाज वाटते. पाच मिनिटांत पाच डॉलर होतात.

आता हाच हिशोब त्या घराच्या बाजूने करून बघा. मोठ्या माणसाने दिवसभर राबून जे मिळतं, ते लहान लेकरू गोड बोलून काही तासांत आणत असेल, तर घरातली माणसं त्याला शाळेत का पाठवतील? आणि मूल जितकं लहान तितकी विक्री जास्त. ते तेरा-चौदा वर्षांचं झालं की पाहुण्यांना त्याचं कौतुक उरत नाही. तेव्हा हातात शाळाही नसते आणि धंदाही नसतो. वीटभट्टीवरची किंवा ऊसतोडीला जाणारी मुलं ज्यांच्या पटावर आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एकदा तुटलेलं मूल परत वर्गात बसवायला किती फेऱ्या माराव्या लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

हे फक्त माझंच म्हणणं नाही. अंगकोरची देखभाल करणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाने पाहुण्यांसाठी आचारसंहिता केली आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला, शिल्पांना हात लावू नका, भिक्खूंचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, अशा सूचनांसोबत मुलांविषयीही सूचना आहे. मुलांकडून वस्तू घेणं, त्यांना पैसे किंवा गोळ्या-चॉकलेट देणं टाळा, कारण त्यामुळे मुलं शाळा सोडून मागण्याकडे वळतात, असं त्यात सांगितलं आहे. कपड्यांचा नियम आपण पाळतो, कारण तो मोडला तर दारातूनच परत पाठवतात. मुलांचा नियम मोडला तर कोणी अडवत नाही, म्हणून तो आपल्या मनावरच आहे.

लोक विचारतात ते प्रश्न

पहिला प्रश्न : ही मुलं दुपारच्या शाळेत जात असतील तर? हे खरं असू शकतं. कंबोडियात अनेक प्राथमिक शाळा सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत भरतात. पण समोरचं मूल कोणत्या पाळीचं आहे, की कोणत्याच पाळीचं नाही, हे दोन मिनिटांत आपल्याला कळणार नाही. आणि पाळी दुपारची असली तरी पहाटे सूर्योदयापासून उन्हात उभं राहिलेलं मूल दुपारी वर्गात काय शिकणार? उपाशी आणि दमलेलं मूल पहिल्या तासाला कसं पेंगतं, ते आपण रोज बघतो.

दुसरा प्रश्न : ते लोक गरीब आहेत, आपण घेतलं नाही तर ते खाणार काय? प्रश्न रास्त आहे. मी पैसे खर्च करू नका असं म्हणतच नाही. तेवढेच पैसे मोठ्या माणसाच्या हातात द्या. तीच पोस्टकार्डं शेजारच्या टपरीवर एखादी बाई विकत असते, तिच्याकडून घ्या. चौघांत एक रिक्षा दिवसभरासाठी ठरवा आणि शेवटच्या डॉलरसाठी घासाघीस करू नका. जेवण तिथल्या छोट्या खानावळीत घ्या. गावात पैसा तेवढाच जातो, फक्त तो मुलाच्या कमाईचा होत नाही.

तिसरा प्रश्न : मग मुलांसाठी काहीच करायचं नाही का? करता येतं. अंगकोरच्या प्रवेशाचं तिकीट एका दिवसाचं ३७ डॉलर आणि तीन दिवसांचं ६२ डॉलर आहे. त्यातले दोन डॉलर कंथा बोफा या बालरुग्णालयांना जातात, आणि तिथे मुलांवर मोफत उपचार होतात. संध्याकाळी सियाम रीपमध्ये ‘फारे’ नावाची सर्कस असते. निर्वासितांच्या छावणीतून परतलेल्या तरुणांनी १९९४ मध्ये बट्टंबांगला जी कलाशाळा सुरू केली, तिथे शिकलेले कलाकार यात काम करतात आणि उत्पन्नातून त्या शाळेला हातभार लागतो. मित्रांसोबत बघण्यासाठी याहून चांगली संध्याकाळ नाही.

शाळा आणि अनाथालय ही प्रेक्षणीय स्थळं नाहीत

काही सहलींत ‘स्थानिक शाळेला भेट’ किंवा ‘अनाथालयाला भेट’ असंही असतं. शिक्षक म्हणून आपल्याला शाळा बघण्याची हौस असते. पण थोडं थांबा. आपल्या वर्गात मधेच पाहुणे आले, बिस्किटं वाटली, फोटो काढले की काय होतं? तो तास गेला, आणि पुढचा तास मुलांना जागेवर आणण्यात गेला. वर्षातून एक-दोनदा हे होतं तेव्हा आपण वैतागतो. तिथे हे दर आठवड्याला झालं तर शिक्षकाने शिकवायचं कधी?

अनाथालयांचं तर त्याहून वाईट. कंबोडियात पर्यटक वाढले तशी अशी घरंही वाढली, आणि तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफने दाखवून दिलं आहे. म्हणजे पाहुण्यांच्या देणगीसाठी लेकरू घरापासून तोडलं जातं. आपली दया तिथे उलटी पडते.

या देशात शाळेला एक वेगळा अर्थ आहे, हेही जाताना लक्षात ठेवावं. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत शाळा बंद पडल्या आणि असंख्य शिक्षक मारले गेले. राजधानी नॉम पेन्हमधलं तुओल स्लेंग हे संग्रहालय म्हणजे मुळात एक विद्यालय होतं. त्याचा त्या काळात छळछावणीसारखा तुरुंग केला गेला. त्यानंतर उरल्यासुरल्या माणसांनी पुन्हा शाळा उभ्या केल्या. अशा देशातलं एक मूल आपल्या एका डॉलरमुळे वर्गाबाहेर राहू नये, एवढं तर आपण बघू शकतो.

निघण्यापूर्वी चौघांनी बसून ठरवा

एकटा माणूस तिथे गेल्यावर विरघळतो. मित्रांसोबत जाण्याचा फायदा हा की नियम आधीच ठरवता येतो आणि एकमेकांना आठवण करून देता येते. माझ्या मते एवढं पुरे :

१. लहान मुलांकडून काही घ्यायचं नाही, त्यांना पैसे किंवा खाऊ द्यायचा नाही. हसून नमस्कार करायचा, दोन शब्द बोलायचे आणि पुढे जायचं. हिडीसफिडीस करायची नाही.

२. आठवणीच्या वस्तूंसाठी सामाईक खर्चातून रक्कम काढून ठेवायची आणि ती मोठ्या माणसांकडेच खर्च करायची.

३. शाळा, अनाथालय यांच्या भेटी कार्यक्रमात असतील तर सहल ठरवतानाच त्या काढून टाकायला सांगायचं.

४. मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. आपल्या पटावरच्या मुलांचे फोटो परक्याने टाकलेले आपल्याला चालतील का, हा प्रश्न स्वतःला विचारायचा.

हे नियम फक्त कंबोडियासाठी नाहीत. आपल्याकडच्या गड-किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि देवस्थानांच्या रांगांतही सहा ते चौदा वयाची मुलं फुलं, पेन, ताक विकताना दिसतात. या वयाच्या प्रत्येक मुलासाठी शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. तिथे आपण स्थानिक आहोत, त्यामुळे जबाबदारीही जास्त आहे. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन सांगता येतं, शाळाबाह्य मुलांच्या यादीत नाव आहे का ते विचारता येतं.

सुट्टी संपवून परत याल तेव्हा समुद्रमंथनाचा फोटो वर्गात जरूर दाखवा. देव किती, असुर किती, हे मुलांकडून मोजून घ्या. नकाशावर कंबोडिया शोधायला लावा. आणि तिथली मुलंही तुमच्यासारखीच सकाळी दप्तर घेऊन शाळेत जातात, हेही त्यांना सांगा.