जन्मभर एकच? मग क्यूबाचं 'सोन'!

परवा डबा खाताना मित्राने गुगली टाकली, "एका देशाचा एकच संगीतप्रकार, तोही जन्मभर. बोल!" मी तडक म्हटलं, क्यूबाचं सोन. 'आणि आपलं रागसंगीत?' अशा नजरा आल्याच. अहो, ते न कळल्याचं अपराधीपण जन्मभर कोण वागवणार?

सोनमध्ये क्लावे नावाच्या दोन लाकडी काठ्या असतात. त्यांचे ठोके पाच, तीन आणि दोन असे. बास! ट्रेस, बोंगो, गायक, सगळा डोलारा त्यावर. इतकं आटोपशीर डिझाइन आमच्या ऑफिसात मी तरी पाहिलेलं नाही :)

हवानात 1996 साली 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब'चं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा कोम्पाय सेगुंदो 88 वर्षांचे होते. इब्राहिम फेरेर तर गाणं सोडून बूटपॉलिश करत होते. तरी आवाज ऐका! जन्मभराचा करार करायचा तर म्हातारपणी शोभणारं संगीतच हवं ना?

स्पॅनिश मला ओ की ठो कळत नाही. बरंच आहे, कोड लिहिताना शब्द मध्ये येत नाहीत.

मित्राला एक सांगितलं नाही. या करारात, आई सकाळी लावायची ती भीमसेनांची अभंगवाणीही जाते. तिथे मी बहुतेक चीटिंग करणार.